श्रावणात येतात अन् दिवाळीला गायब: अंगणातली फुलपाखरं टिकत काहून नाहीत

दरवर्षीचं तेच. श्रावण लागला की सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या अंगणात, पाखरंच पाखरं, पिवळी, पांढरी, ती नारंगी रुईवरची, पोळ्याच्या टायमाला तर भांडे घासायला बसलं तरी आजूबाजूनं भिरभिरतात, मग दसरा होते, दिवाळी होते, आणि एक दिवस लक्षात येते की अरे, आठ दिवस झाले एक फुलपाखरू दिसलं नाही. झेंडू तर तेव्हाच ऐन भरात असतो. फुलं ढीगभर आणि पाखरू एक नाही! आमच्याकडं असं सलग चार वर्षं झालं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात, चहूकडं पऱ्हाटी (म्हणजे कापूस), तूर, सोयाबीन, मधात मधात संत्र्याची वावरं, म्हणजे जे आमच्याकडं होते तेच थोड्याफार फरकानं अमरावती, यवतमाळ, नागपूरकडच्या खेड्यात पण होत असणार. म्हणून काय काय तपासलं, कुठं गडबड होती आणि काय बदलल्यावर फरक पडला ते सगळं सांगते, थोडं लांबेल पण कामाचं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा की समस्या खरंच आहे का मोसमच तसा आहे. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, पानं करपतात, धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, हिरवं काही उरत नाही, तेव्हा फुलपाखरं कमी असणारच, त्यात तुमचा काही दोष नाही. मृगाचा पाऊस पडला, तण उगवलं की पुढच्या तीन-चार आठवड्यांत संख्या वाढायला लागते आणि जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत खरा हंगाम. थंडीत सकाळी उशिरा निघतात कारण त्यांचं अंग उन्हानं तापल्याशिवाय उडताच येत नाही, म्हणून डिसेंबरात सकाळी सात वाजता बाग बघून 'काही नाही' म्हणू नका, दहा-साडेदहाला बघा. पण ऑक्टोबरच्या शेवटी, भरपूर ऊन, भरपूर फुलं असताना जर एकदम शुकशुकाट झाला तर मात्र काहीतरी बिघडलेलं आहे आणि ते सापडते.

माझी सगळ्यात मोठी चूक ही की मी फक्त फुलं लावत गेली. झेंडू, शेवंती, झिनिया, गुलाब, जे रोप दिसलं ते आणलं. फुलपाखरू फुलावर जेवते हे खरं पण ते जन्मते पानावर, आणि कोणत्याही पानावर नाही, ठरलेल्या झाडाच्याच पानावर. मादी पानावर उतरते, पायानं चव घेते, हेच आपलं झाड आहे याची खात्री झाली तरच अंडं घालते नाही तर उडून जाते. म्हणजे श्रावणात माझ्याकडं जी पाखरं यायची ती माझ्या बागेची नव्हतीच, ती धुऱ्यावरच्या, रस्त्याच्या कडेच्या, पडक्या घराच्या तणावर जन्मलेली. माझ्याकडं ती फक्त चहा प्यायला यायची असं समजा. आश्विनात तण वाळलं, कापलं, जाळलं, की नवीन पाखरं जन्मायचं थांबलं, आणि जुनी पाखरं काही महिनोनमहिने जगत नाहीत, बहुतेकांचं आयुष्य दोन-चार आठवड्यांचं. झालं, बाग रिकामी.

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम होते. मग प्रश्न असा उरते की आपल्या अंगणात, अगदी थोड्या जागेत, पानाची कोणती झाडं ठेवायची, आणि त्यातली कोणती दिवाळीनंतर पण हिरवी राहतात.

रुईपासून सुरुवात करा. पैसे लागत नाहीत, पाणी लागत नाही, उकिरड्याच्या कडेला आपोआप येते. तिच्यावर ते नारंगी, काळ्या-पांढऱ्या टोकाचं फुलपाखरू येते, इंग्रजीत प्लेन टायगर म्हणतात. मागच्या वर्षी मी कोठ्यामागच्या (ढोरांच्या गोठ्यामागच्या) एका रुईसमोर रोज दहा मिनिटं बसायची. मादी पानाच्या कडेला लटकते, पोट खाली वाकवून पानाच्या खालून एकच अंडं चिकटवते आणि लगेच दुसऱ्या पानाकडं. अंडं मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान, पांढरट, उभं, त्यावर बारीक उभ्या रेषा असतात पण त्या दिसायला भिंग पाहिजे किंवा मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा. तीन-चार दिवसांत त्यातून केसाएवढी अळी निघते आणि सगळ्यात आधी आपलंच टरफल खाते. मग पान. आठ दिवसांत तिच्यावर काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके, आणि पाठीवर काळ्या शेंड्यांच्या तीन जोड्या, इतकी देखणी अळी की आमच्या पुतणीनं तिचं चित्र काढून भिंतीला लावलं. साधारण दोन आठवड्यांनी अळी उलटी लटकते आणि कोष करते, हिरवा किंवा गुलाबीसर, वरच्या बाजूला सोनेरी-काळ्या टिकल्यांची एक ओळ, जशी पोतीतली मणी. गरमीच्या दिवसांत अंड्यापासून पाखरू व्हायला तीन-चार आठवडे लागतात, थंडीत जास्त.

रुईचा चीक विषारी असते आणि अळी तेच विष अंगात साठवून ठेवते, म्हणून पक्षी त्या फुलपाखराला सहसा हात लावत नाहीत. दुसरं एक फुलपाखरू आहे, डॅनेड एगफ्लाय, त्याची मादी हुबेहूब या रुईवालीसारखी दिसते, पक्षी फसतात आणि ती वाचते. आणि तिची अळी कशावर वाढते? घोळीच्या भाजीवर! तीच घोळ जी आपण निंदताना उपटून फेकतो नाही तर चुन, म्हणजे बेसन, घालून खातो. त्यामुळं भाजीला तोडा पण एक कोपरा सोडून द्या.

गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, प्रत्येकाच्या दारात असतोच. त्याच्यावर, बेलावर आणि लिंबू-संत्र्यावर लाईम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन ही दोन मोठी काळी-पिवळी, काळी-पांढरी पाखरं अंडी घालतात. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉर्मन, राणी पाकोळी, तेही याच लिंबाच्या कुळातल्या झाडांचं. २०१५ साली त्याला राज्य फुलपाखराचा मान मिळाला आणि असा मान देणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. ते दाट झाडीचं पाखरू आहे, मोकळ्या कापसाच्या पट्ट्यात त्याची आशा धरून बसू नका, पण लाईम बटरफ्लाय तर शंभर टक्के येते.

तरोटा, म्हणजे टाकळा. पावसाळ्याच्या सुरुवातीला आपण कोवळी भाजी खातो आणि नंतर विसरून जातो. फिक्कट पिवळी-पांढरी जी थव्यानं उडतात ती एमिग्रंट आणि ती छोटी लिंबूपिवळी ग्रास यलो, दोघींच्याही अळ्या तरोट्यावर असतात. कण्हेरीवर कॉमन क्रो, चॉकलेटी काळं, त्याचा कोष तर चांदीच्या घुंगरासारखा चमकते. काटेकोरांटीवर ते डोळ्यांच्या नक्षीचे पॅन्सी. सीताफळावर आणि त्या उंच सरळ अशोकावर हिरव्या ठिपक्यांचा टेल्ड जे. एरंडीवर कॉमन कॅस्टर. कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर. एवढ्यातली अर्धी झाडं तुमच्याकडं आत्ताच आहेत, फक्त आपण त्यांना झाड म्हणत नाही, कचरा म्हणतो.

आता मुख्य गोष्ट. तरोटा, घोळ ही पावसाळी तणं आहेत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाळणारच, कितीही जीव लावा. बारमाही हिरवी राहतात ती रुई, गोडनिंब, लिंबू, कण्हेर, कोरांटी. एमिग्रंटसाठी तरोटा गेल्यावर बहावा आहे, त्याची पानं उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिकतात. म्हणून ज्यांच्याकडं नुसती तणाची झाडं आहेत त्यांची बाग दिवाळीला संपते आणि ज्यांच्याकडं बारमाही पाच-सहा झाडं आहेत त्यांची चालू राहते. मला हे कळायला तिसरं वर्ष उजाडलं.

आणि दुसरं कारण आपणच. दिवाळीची साफसफाई! आमच्या घरी आश्विनात सांदवाडी खराट्यानं चकाचक करायची रीत आहे, कुंपणाकडचं सगळं विळ्यानं कापायचं, रुई बुडापासून छाटायची, वाळल्या काड्या गोळा करून पेटवायच्या, भिंती पोतायच्या. त्या कापलेल्या फांद्यांवर अंडी असतात, काड्यांना कोष लटकलेले असतात, भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या खाली सुद्धा कोष असतात कारण अळी कोष करायला झाड सोडून दूर चालत जाते. आपण एका दिवसात पुढच्या महिन्याची सगळी पाखरं जाळून टाकतो आणि मग विचारतो की कुठं गेली. मी जेव्हा कुंपणाचा एक पट्टा न कापता ठेवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, लक्ष्मीच्या सणाले हा कचरा ठेवून राह्यली का?" मग मी त्यांना रुईच्या पानाखालचा तो टिकल्यांचा कोष दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे तं मोत्यावानी हाये." तेव्हापासून तो पट्टा त्याच कोणाला कापू देत नाहीत.

तर उपाय हा: साफसफाई करा, सण आहे, पण सगळी एका दिवशी करू नका आणि सगळी जागा एकदम करू नका. घराच्या मागं नाही तर कोठ्याच्या बाजूनं पाच-सहा हात लांबीचा पट्टा सोडा. रुई छाटायची असेल तर अर्धी आत्ता, उरलेली महिन्यानं, छाटल्यावर जे कोवळं फुटते त्यावर तर माद्या जास्तच येतात. कापलेल्या फांद्या लगेच जाळू नका, आठ-दहा दिवस त्या झाडाच्या बुडाशीच पडू द्या म्हणजे अळ्या चढून परत जातील. आणि जाळण्यापेक्षा खताच्या खड्ड्यात टाका.

अजून एक गंमत सांगते जी माझ्या लक्षात फार उशिरा आली. दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार जातो, हरतालिका आणि गणपतीला पत्री लागते, त्यात रुई, बेल, कण्हेर सगळंच. पोट्टे जातात आणि घराजवळचं हाताशी येते ते ओरबाडून आणतात. आमच्या रुईवरची अंडी दर शनिवारी मंदिरात जात होती! हार बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. पान तोडायच्या आधी उलटं करून बघायचं, पांढरा ठिपका दिसला तर ते पान सोडायचं, एवढंच पोरांना शिकवलं. आता तेच मला येऊन सांगतात, काकू आज सात अंडी होती.

पुढची तक्रार जी मला नेहमी ऐकू येते ती म्हणजे अळ्या आल्या होत्या, मोठ्या पण झाल्या, आणि दोन दिवसांत सगळ्या गायब. यात घाबरायचं काही नाही, बहुतेक अळ्या फुलपाखरू होईपर्यंत जगतच नाहीत, हा निसर्गाचाच हिशोब आहे. मुंग्या अंडी आणि लहान अळ्या नेतात, गांधीलमाशी अळी उचलून घरट्यात नेते, कोळी, सरडा, बुलबुल, साळुंकी सगळे आहेत. त्यातून गायब झालेल्या अळ्यांपैकी काही कोष करायला लांब गेलेल्या पण असतात, खिडकी, कुंपणाची तार, पाण्याच्या टाकीखाली बघा. झाडावर मावा पडला असेल तर त्याच्या गोड चिकट रसामुळं मुंग्या येतात, तेव्हा मावा नुसत्या पाण्याच्या धारेनं धुऊन काढा, औषध नको. फारच वाटलं तर अळ्या असलेल्या एखाद्या फांदीला जुन्या पातळ ओढणीची पिशवी बांधा, दोन्ही टोकं सैल सुतळीनं, हवा खेळली पाहिजे, आणि पानं संपली की दुसऱ्या फांदीवर हलवा. एका पिशवीत चार-पाचच्या वर अळ्या ठेवू नका, गर्दीत रोग होतो, अळ्या काळ्या पडून लोंबकळतात. तशी अळी दिसली की बाजूला काढा आणि पिशवी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा.

कोष काळा पडला तर लगेच फेकून देऊ नका, हे नीट बघा. पाखरू निघायच्या आदल्या दिवशी कोष गडद होते आणि कवच काचेसारखं होऊन आतल्या पंखांचा रंग दिसायला लागते, नारंगी, पांढरे ठिपके, सगळं. तो चांगला. पण जो कोष आतून मातकट, कोरडा, हलका झाला आणि ज्याला टाचणीनं टोचल्यासारखं भोक आहे, त्यातून बारीक परजीवी गांधीलमाशी निघून गेलेली असते. आणि कोषाखाली पांढरा लोंबता धागा दिसला तर ती परजीवी माशीची करामत, तिची अळी धाग्यानं खाली उतरून मातीत गेली. एक-दोन असे निघणारच, सगळेच असे निघाले तर पुढच्या पिढीला अंडी असतानाच दोन-तीन पानं पिशवीत घ्या.

आता फवारणी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्या भागात हेच सगळ्यात मोठं आहे आणि यावर कोणी बोलत नाही. पऱ्हाटीवर ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत फवारे चालू असतात, नेमका फुलपाखरांचा हंगाम. काही लोक म्हणतात बीटी कापूस आला आणि फुलपाखरं गेली, पण बीटीचं ते विष पऱ्हाटीच्या आत असते, पऱ्हाटी खाणाऱ्या अळीला लागते, रुईवरच्या अळीला नाही. आपल्या अंगणातल्या अळीला मारते ते पंपातून उडणारं औषध. वावर घराला लागून असेल तर वाऱ्यानं तुषार शंभर-दीडशे फूट सहज येते, पानावर बसते, आणि अळी तेच पान खाते. दुसऱ्या दिवशी अळ्या झाडाखाली वळवळत पडलेल्या किंवा पानालाच चिकटून वाळलेल्या दिसल्या, आणि त्याच दिवशी शेजारी फवारा झाला असेल, तर कारण तेच. पक्ष्यानं खाल्लेली अळी मागं राहत नाही, विषानं मेलेली राहते, हा फरक लक्षात ठेवा.

उपाय काय? भांडून काही होत नाही, ज्याचं पोट त्या पिकावर आहे त्याला फुलपाखरू सांगून उपयोग नाही. मी बाजूच्या वावरातल्या काकांना एवढंच म्हटलं की फवारायच्या आदल्या दिवशी एक आवाज द्या. ते देतात. मग संध्याकाळीच रुई आणि गोडनिंबावर जुनी लुगडी टाकून ठेवते आणि फवारा झाल्यावर तुषार बसला की काढते, लुगडी वेगळी धुते. वारा नसताना सकाळी लवकर फवारलं तर औषध पिकावर बसते, उडून जात नाही, त्यांचाही पैसा वाचते, हे त्यांना पटलं. आणि नाकातोंडाला बांधून, वाऱ्याच्या उलट दिशेनं न चालता फवारणं हे तर माणसाच्या जिवासाठीच पाहिजे, २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, ते कोणी विसरलेलं नाही. कायमचा उपाय म्हणजे वावराच्या आणि सांदवाडीच्या मधात आड. आम्ही तुरीच्या तीन दाट ओळी लावल्या, बराच तुषार अडला, आणि तुरीला फुलं आली की इवली निळी पाखरं, पी ब्लू, आपोआप येतात. त्यांच्या अळ्या शेंगा खातात, घरच्या तीन ओळीत चालते.

घरातलं औषध पण बंद करा, आणि इथं लोक फसतात. निंबोळी अर्क, दशपर्णी हे घरचं आहे, विषारी नाही, म्हणून गोडनिंबावर फवारतात. माणसाचं सोडा, पण अळीला? कडूनिंबातला तो कडू पदार्थ अळीची कात टाकायची क्रियाच बंद पाडतो, ती खाणं सोडते आणि मरते. वावरात तो त्यासाठीच वापरतात. बीटी पावडर पण तशीच, जैविक असली तरी अळ्या मारायलाच बनलेली. ज्या झाडावर फुलपाखरू पाहिजे त्या झाडावर काहीच नाही, पाणी सोडून.

आणि नर्सरीतली रोपं! दोन वर्षांपूर्वी मी बाजारातून लिंबाचं छान गच्च रोप आणलं, चार दिवसांत त्यावर अंडी आली, मी खूष, आणि अळ्या निघाल्या तशा दुसऱ्या दिवशी मेल्या. परत अंडी, परत तेच. काही औषधं अशी असतात की मुळातून झाडात शिरतात आणि पानात, फुलाच्या रसात उतरतात, इमिडाक्लोप्रिड त्यातलंच एक, वरून धुऊन जात नाही. त्यानंतर मी रोपं बियांपासून किंवा शेजाऱ्याच्या फांदीपासूनच करते. विकतचं आणायचंच असेल तर पहिल्या वर्षी त्यावर जाळी नाही तर ओढणी टाकून अंडी घालू देऊ नका, जुनी पानं गळून दोन-तीनदा नवीन फुटवा येऊ द्या.

फुलांबद्दल थोडंच बोलते. गच्च पाकळ्यांचा मोठा झेंडू, दुहेरी जास्वंद, विकतचा गुलाब, यांच्यात पाखराची सोंड पोचेल असा रस फारसा नसते किंवा पोचतच नाही. एकेरी पाकळीचा गावठी झेंडू, एकेरी झिनिया, कॉसमॉस, पेंटास, एक्झोरा, सदाफुली, तुळशीची मंजिरी, आणि सगळ्यात भारी म्हणजे आपली कंबरमोडी, ती पांढऱ्या-पिवळ्या फुलाची जी जखमेला चोळतात. लहान फुलपाखरं दिवसभर तिच्यावरच असतात. एकच जात एकाच जागी झुपक्यानं लावा, दहा जातींची एक-एक कुंडी ओळीनं ठेवली तर वरून उडणाऱ्या पाखराला दिसत नाही. जागा उन्हाची पाहिजे, माझ्या कुंड्या आंब्याच्या सावलीत होत्या तेव्हा त्यावर काहीच येत नव्हतं, पूर्वेच्या भिंतीला हलवल्या आणि आठवड्यात फरक दिसला. आषाढातल्या वाऱ्यात पाखरं उघड्यावर टिकत नाहीत म्हणून पश्चिमेकडून आड असली तर चांगलं. दिवाळीनंतर फुलं पाहिजेत तर झिनिया-कॉसमॉसची दुसरी पेरणी पोळ्याच्या आसपास करा, जून-जुलैत लावलेलं नोव्हेंबरात थकते.

घाणेरी, म्हणजे टणटणी, लावा असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. तिच्यावर पाखरं येतात हे खरं, पण लावू नका. ती जंगल खाऊन टाकते, ढोरांनी खाल्ली तर यकृत जाते, आणि धुऱ्यावर आधीच नको तेवढी आहे. सगळीच फुलपाखरं फुलावर येतात असंही नाही, बॅरन आणि इव्हनिंग ब्राऊनसारखी सडक्या फळावर येतात. सीताफळाच्या साली, जास्त पिकलेलं केळं एका फुटक्या ताटलीत सावलीत ठेवा.

चिखल विसरू नका. नर फुलपाखरं ओल्या मातीतून क्षार ओढतात, ते पुढं मादीला आणि अंड्यांना मिळतात. आमच्या ढोरांच्या हौदाजवळ जिथं पाणी सांडते, शेण-मूत मिसळते, तिथं सप्टेंबरात दुपारी बारा वाजता वीस-पंचवीस एमिग्रंट पंख मिटून एका ओळीत बसलेली असतात, पाऊल टाकलं की पिवळी लाट उठते. हौद पक्का केल्यावर हे बंद झालं होतं, मग मी बाजूला एक उथळ पसरट खड्डा केला, त्यात काळी माती, वाळू, मूठभर शेणखत, चिमूटभर मीठ, आणि रोज तांब्याभर पाणी. तीन दिवसांत परत आली. पाणी साचू देऊ नका, डास होतात, नुसती ओल पाहिजे.

ज्यांची संत्र्याची कलमं किंवा रोपवाटिका आहे त्यांच्याशी एक बोलायचं आहे. वरूड-मोर्शीकडं लाईम बटरफ्लायची अळी म्हणजे शत्रू, आणि बरोबर आहे, लहान रोपाची सगळी पानं ती खाऊन टाकते. मोठ्या झाडाला मात्र चार-पाच अळ्यांनी काही होत नाही. रोपांवरची अळी हातानं वेचता येते. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मळकट काळी-पांढरी, मोठी झाली की हिरवी. हात लावला की डोक्यामागून लालसर, दोन फाट्यांचं शिंग बाहेर काढते आणि आंबूस वास सोडते, आमची पुतणी पहिल्यांदा ओरडूनच पळाली, चावत नाही, काही करत नाही. वेचलेली अळी मारायच्या ऐवजी घरच्या गोडनिंबावर आणून सोडा, ती लगेच खायला लागते. माझ्या गोडनिंबावरची निम्मी पाखरं तशीच आलेली आहेत, नात्यातल्या एका रोपवाटिकेतून बरणीत भरून. गोडनिंबाला दोन फांद्या तुमच्या भाजीच्या आणि बाकी त्यांच्या असं वाटून घ्या, झाड मरत नाही, पावसाळ्यात परत फुटते.

जपायचं एवढंच की कण्हेर सगळीच्या सगळी विषारी आहे, शेळ्या आणि लहान पोरं जिथं जातात तिथं नको. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकते, पान बघून झालं की हात धुवा, पोरांना आधी हेच सांगा.

यंदा दिवाळी होऊन महिना होत आला. रुईवर आज सकाळी अकरा अळ्या मोजल्या, गोडनिंबावर तीन हिरव्या, कण्हेरीवर दोन चांदीचे कोष. एक रुईवाली अळी चालत चालत न्हाणीच्या दारापर्यंत गेली आणि नेमकी कडीच्या वरच कोष करून बसली. दार बंद केलं की कडी त्याला लागते. म्हणून बारा दिवस झाले आम्ही न्हाणीला पडदा लावला आहे आणि दार भिंतीला सुतळीनं बांधून ठेवलं आहे, पाहुणे आले तरी. काल संध्याकाळी सासूबाईंनी टॉर्च मारून बघितलं, आतून नारंगी दिसून राह्यलं होतं.